बॉक्साइट नसताना: चिनीमाती, अलुनाइट आणि नेफेलिन यांतून तुरटी, अ‍ॅल्युमिना व पोटॅश काढण्याची रीत

अ‍ॅल्युमिनियमचे धातुक म्हटले की बॉक्साइटच डोळ्यांसमोर येते आणि व्यवहारात ते बरोबरही आहे. राधानगरी तालुक्यातील पठारांवरून निघणारे बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात जाते, तेथे ते दाबाखाली कॉस्टिक सोड्यात शिजवतात आणि त्यातून अ‍ॅल्युमिना, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड, वेगळा करतात. ही रीत कार्ल योझेफ बायर यांनी १८८८ च्या सुमारास बसवली आणि आजही जगातला बहुतेक सगळा अ‍ॅल्युमिना तिनेच निघतो. परंतु भूकवचात अ‍ॅल्युमिनियमचे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे आणि त्यातील फारच थोडा भाग बॉक्साइटच्या रूपात सापडतो. बाकीचा चिकणमाती, फेल्डस्पार, नेफेलिन अशा सिलिकेटांत अडकलेला आहे. तेथे बायरची रीत चालत नाही. मातीतील सिलिका कॉस्टिक सोड्यात विरघळते आणि मग सोडा व अ‍ॅल्युमिना दोन्ही बरोबर घेऊन अविद्राव्य गाळाच्या रूपात खाली बसते, म्हणजे ज्यासाठी खटाटोप करायचा तेच हातचे जाते. बॉक्साइटमध्ये अशी सिलिका ५ टक्क्यांच्या पुढे गेली तरी कारखानदार नाक मुरडतो. चिनीमातीत सिलिका ४६ टक्क्यांच्या आसपास असते.

अशा पर्यायी धातुकांवर शंभर वर्षांहून अधिक काळ प्रयोग झालेले आहेत. त्यांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते: निव्वळ अ‍ॅल्युमिना विकून यांपैकी कोणाचेही भागलेले नाही. जेथे धंदा टिकला तेथे तो तुरटी, पोटॅश (पोटॅशियमचे क्षार), सोडा किंवा सिमेंट यांच्या जोरावर टिकला. म्हणून दगड किंवा माती हातात आली की त्यात अ‍ॅल्युमिना किती आहे हे विचारण्याआधी, अ‍ॅल्युमिनाखेरीज काय आहे आणि ते विकत कोण घेईल, हे विचारावे. रीत कोणती वापरायची, आम्लाची की चुन्याची, हे त्या उत्तरावरून ठरते. पुढे चिनीमातीची कृती तपशिलाने दिली आहे, कारण ती महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करता येते. अलुनाइट, नेफेलिन आणि औष्णिक वीजकेंद्रांची राख यांच्या रीती कारखान्याच्या आहेत. त्यांचे तत्त्व आणि नमुना ओळखण्याच्या खुणा तेवढ्या सांगितल्या आहेत.

माती निवडणे आणि धुणे

चिनीमातीचे मुख्य खनिज केओलिनाइट. शुद्ध केओलिनाइटमध्ये अ‍ॅल्युमिना ३९.५ टक्के, सिलिका ४६.५ टक्के आणि स्फटिकात बांधलेले पाणी १४ टक्के असते. कोकणात जांभ्याच्या थराखाली बहुतेक ठिकाणी मऊ, पांढुरकी किंवा जांभळट ठिपक्यांची चिकणमाती लागते. विहिरी खणणाऱ्यांना ती चांगली ठाऊक असते. तीही केओलिनाइटचीच असते, पण तिच्यात लोह पुष्कळ असते आणि हे लोह पुढे तुरटीत त्रास देते. पहिल्या प्रयोगासाठी म्हणून शक्य तितकी पांढरी माती घ्यावी. तिच्यावर लिंबाचा रस किंवा विरळ आम्ल टाकून पाहावे. फेस आला तर मातीत चुनखडी आहे, आणि अशी माती टाकून द्यावी, कारण चुनखडी आम्ल खाते आणि त्याचे जिप्सम करून गाळणी बुजवते.

मातीची ढेकळे फोडून ती बादलीभर पाण्यात रात्रभर भिजत ठेवावीत. सकाळी पाणी चांगले ढवळून सुमारे दोन मिनिटे थांबावे आणि वरचे दुधाळ पाणी दुसऱ्या बादलीत अलगद ओतून घ्यावे. तळाशी राहिलेली वाळू, अभ्रक आणि खडे टाकून द्यावेत. दुधाळ पाणी एक-दोन दिवस स्थिर ठेवले की माती खाली बसते. वरचे निवळ पाणी रबरी नळीने काढून टाकावे आणि गाळ ताटात पसरून वाळवावा. या कामाचा कंटाळा करू नये. वाळूत अ‍ॅल्युमिना नाही, पण भट्टीत, भांड्यात आणि गाळणीत ती जागा अडवतेच.

भाजणे

कच्च्या केओलिनाइटवर उकळत्या आम्लाचा परिणाम फार मंद होतो. माती भाजल्यावर स्फटिकात बांधलेले पाणी निघून जाते, आतली रचना विस्कटते आणि आम्लात सहज विरघळणारे मेटाकेओलिन तयार होते. हा बदल ५०० ते ६०० अंश सेल्सियसला होतो. व्यवहारात ६५० ते ७५० अंश तापमान ठेवून दोन तास भाजावे. तापमान जास्त झाले तर अधिक चांगले, असा समज येथे घातक ठरतो. साधारण ९५० अंशांच्या पुढे विस्कटलेली रचना पुन्हा नव्या स्फटिकांत बांधली जाऊ लागते आणि ११०० अंशांच्या आसपास म्युलाइट बनते, ज्याला आम्ल जवळजवळ शिवत नाही. विटांच्या भट्टीत पक्की भाजलेली माती या कामाला उपयोगी पडत नाही, त्याचे कारण हेच.

प्रयोगशाळेत विजेची मफल भट्टी असली तर प्रश्नच नाही. वाळलेली माती बारीक कुटून, मुशीत किंवा उथळ ताटलीत एक-दीड सेंटिमीटरपेक्षा जाड थर न देता पसरावी. थर जाड झाला तर वरची माती जास्त भाजते आणि मधली कच्ची राहते. तापमापक नसेल तर रंगावर लक्ष ठेवावे: अंधाऱ्या खोलीत भट्टीचा आतला भाग मंद, काळपट लाल दिसला की तापमान साधारण योग्य आहे, तो नारिंगी दिसू लागला तर आंच कमी करावी.

भाजण्याआधी माती ११० अंशांना वाळवून तिचे वजन करावे आणि भाजून थंड झाल्यावर पुन्हा करावे. शुद्ध केओलिनाइटचे वजन १४ टक्क्यांनी घटते. म्हणून जितके टक्के घट झाली त्याला १४ ने भागले की मातीत केओलिनाइट किती, याचा ढोबळ अंदाज येतो; १२ टक्के घट म्हणजे साधारण ८५ टक्के केओलिनाइट. माती काळपट असेल तर तिच्यातील सेंद्रिय पदार्थही जळतात आणि हा अंदाज फुगतो, हे ध्यानात ठेवावे.

आम्लात शिजवणे

५० ग्रॅम मेटाकेओलिनमधील सगळ्या अ‍ॅल्युमिनाला सुमारे ६६ ग्रॅम शुद्ध सल्फ्युरिक आम्ल लागते. परंतु आम्ल मुद्दाम थोडे कमी, म्हणजे हिशोबाच्या ९० टक्के घ्यावे. जास्त आम्ल उरले तर ते तुरटीच्या स्फटिकांना चिकटून राहते आणि शेवटी सगळे ओशट, आंबट लागत राहते. ६० ग्रॅम आम्ल म्हणजे वाहनांच्या बॅटरीत भरतात त्या १.२८ घनतेच्या आम्लाचे सुमारे १२५ मिलिलिटर. हे आम्ल साधारण ३७ टक्क्यांचे असते आणि आपल्या कामाला नेमके तेवढेच तीव्र लागते, त्यामुळे तीव्र आम्ल घेऊन ते विरळ करत बसण्याची गरज पडत नाही. तीव्र आम्लच वापरायचे झाल्यास ३३ मिलिलिटर आम्ल १०० मिलिलिटर थंड पाण्यात हळूहळू, ढवळत ओतावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आम्लाच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध आहेत आणि ते योग्यच आहेत. म्हणून हा प्रयोग प्रयोगशाळेतच, तेथील शिक्षकांच्या देखरेखीखाली, चष्मा व हातमोजे घालून आणि धूर खेचणाऱ्या कपाटात करावा.

भांडे बोरोसिलिकेट काचेचे असावे. आम्ल ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करून त्यात भाजलेली माती चमच्याचमच्याने घालावी. एकदम ओतली तर अभिक्रियेच्या उष्णतेने द्रावण अचानक उकळून बाहेर येते. सगळी माती पडली की भांड्यावर काचेची ताटली ठेवून ९५ अंशांच्या आसपास दोन तास मंद शिजवावे, मधूनमधून ढवळावे आणि आटलेले पाणी पुन्हा भरावे. सुरुवातीला पांढरी दिसणारी मळी शिजता शिजता थोडी पारदर्शक, भिजवलेल्या साबुदाण्याच्या पेजेसारखी दिसू लागते. ती अ‍ॅल्युमिना निघून गेलेली, पोकळ झालेली सिलिका होय.

आता १०० मिलिलिटर गरम पाणी घालून मिश्रण गरम असतानाच गाळावे. सुती कापड आम्लाने विरून फाटते, म्हणून पॉलिएस्टरचे घट्ट विणीचे कापड वापरावे आणि नंतर निवळ द्रावण पुन्हा गाळणकागदातून जाऊ द्यावे. गाळणे हा या सगळ्या उद्योगातला सर्वांत चिकट टप्पा आहे. कारखान्यांतही मातीचे आम्लद्रावण गाळण्यावर जेवढा वेळ आणि पैसा जातो तेवढा शिजवण्यावर जात नाही. माती फार बारीक कुटली असेल किंवा शिजवताना जोरात ढवळली असेल तर सिलिका जिलेटीनसारखी होऊन कापडाची छिद्रे बंद करते. अशा वेळी पिळू नये, द्रावण रात्रभर निवळू द्यावे आणि वरचे ओतून घ्यावे. गाळणीत उरलेली सिलिका थोड्या थोड्या गरम पाण्याने दोन-तीनदा धुवावी आणि ते पाणी मूळ द्रावणात मिळवावे.

किती अ‍ॅल्युमिना निघाला हे पाहायचे असेल तर ही उरलेली सिलिका वाळवून, पुन्हा भाजून तिचे वजन करावे. माती अगदी शुद्ध असून सगळा अ‍ॅल्युमिना निघाला असता तर ५० ग्रॅमपैकी २७ ग्रॅम सिलिका उरली असती. ३२ ग्रॅम उरली तर साधारण ८० टक्के अ‍ॅल्युमिना द्रावणात आला असे समजावे. आम्ल ९० टक्केच घातले असल्याने हा निकाल चांगला आहे. ४० ग्रॅमच्या वर उरली तर दोष बहुधा भाजण्यात असतो.

लोह आणि पोटॅश

गाळलेले द्रावण अ‍ॅल्युमिनियम सल्फेटचे आहे. पाणीपुरवठा केंद्रांत गढूळ पाणी निवळायला ज्या मोठ्या वड्या वापरतात त्या याच सल्फेटच्या असतात. त्यांत पोटॅश नसते. न्हाव्याकडे दाढीनंतर गालावर फिरवली जाणारी, काचेसारखी स्वच्छ तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनियम यांचे जोडसल्फेट. पहिल्यापेक्षा दुसरीचा मोठा फायदा असा की ती थंड पाण्यात फार कमी विरघळते: २० अंशांना १०० मिलिलिटर पाण्यात १४ ग्रॅमच्या आसपास आणि ५० अंशांना सुमारे ३७ ग्रॅम. त्यामुळे द्रावण नुसते थंड केले की तुरटी स्वतःहून वेगळी होते आणि बहुतेक मळ मागे द्रावणात राहतो. शुद्धीकरणाचे यंत्र लागत नाही, हे तुरटीचे सामर्थ्य आहे. अ‍ॅल्युमिनियम क्षार शतकानुशतके तुरटीच्याच रूपात का विकला गेला, त्याचे उत्तर येथे आहे.

द्रावण पिवळसर दिसत असेल तर त्यात फेरिक लोह आहे. हे लोह पोटॅशबरोबर अ‍ॅल्युमिनियमसारखीच तुरटी बनवते आणि त्याच स्फटिकांत शिरते, म्हणून त्याला आधी फेरस करावे. त्यासाठी कोमट द्रावणात स्वच्छ घासलेले दोन-तीन लोखंडी खिळे टाकून पिवळी झाक जाऊन फिकी हिरवट येईपर्यंत थांबावे. लोह काढण्यासाठी लोहच घालणे विचित्र वाटेल, पण फेरस लोह तुरटीच्या स्फटिकात बसत नाही आणि द्रावणात मागे राहते. या वेळी हायड्रोजन सुटतो, तेव्हा जवळ ज्योत नसावी. माती पांढरीशुभ्र असेल तर हा टप्पा वगळला तरी चालतो.

पोटॅशियम सल्फेटसाठी रसायनांच्या दुकानात जाण्याची गरज नाही. द्राक्षबागायतदार ठिबकातून देतात ते ०:०:५० खत म्हणजे बव्हंशी पोटॅशियम सल्फेटच. आपल्या हिशोबाला त्याचे ३८ ते ३९ ग्रॅम पुरतात. ते सुमारे १८० मिलिलिटर उकळत्या पाण्यात विरघळवून, गाळून, गरम अ‍ॅल्युमिनियम सल्फेटच्या द्रावणात ओतावे. तांबूस रंगाचे म्युरिएट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, वापरू नये. त्यातून क्लोराइड आणि लोह दोन्ही येतात.

मिश्रण झाकून, हलवाहलव न करता रात्रभर थंड होऊ द्यावे. सकाळी तळाशी आणि भांड्याच्या कडांना आठ पैलूंचे, दोन पिरॅमिड पायाशी जोडल्यासारखे चकचकीत स्फटिक जमलेले दिसतात. ते उपसून बर्फाच्या पाण्याने एकदा झटपट धुवावेत आणि सावलीत कागदावर वाळवावेत. उन्हात किंवा ओव्हनमध्ये ठेवू नयेत, कारण तुरटी ९२ अंशांच्या पुढे स्वतःच्याच पाण्यात वितळते. उरलेले द्रावण निम्मे आटवून पुन्हा थंड केले की दुसरे पीक मिळते, पण ते जरा मळकट असते. वापरलेल्या आम्लाच्या हिशोबाने जास्तीत जास्त १९० ग्रॅम तुरटी बनू शकते. दोन्ही पिके मिळून १३० ते १५० ग्रॅम पदरात पडली तर काम नीट झाले असे मानावे. आणखी शुद्ध हवी असल्यास ती गरम पाण्यात विरघळवून पुन्हा स्फटिक पाडावेत. लोह उरले की नाही ते पाहण्यासाठी थोड्या द्रावणात पोटॅशियम थायोसायनेटचा थेंब टाकावा. रक्तासारखा लाल रंग आला तर लोह अजून आहे. फेरस लोह या चाचणीत दिसत नाही, म्हणून आधी हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब घालावा.

तुरटीपासून अ‍ॅल्युमिना

१०० ग्रॅम तुरटीत अ‍ॅल्युमिना अवघा १०.७ ग्रॅम असतो. हा आकडा एकदा मनावर ठसला की मातीपासून अ‍ॅल्युमिनियम करण्याच्या पुष्कळ योजना कागदावरच का राहिल्या ते कळते. तरीही प्रयोग म्हणून करायचा झाल्यास १०० ग्रॅम तुरटी पाऊण लिटर कोमट पाण्यात विरघळवून, सामू ७ च्या आसपास येईपर्यंत विरळ अमोनिया घालत जावे. पांढरा, गिळगिळीत हायड्रॉक्साइड खाली बसतो. तो चार-पाच वेळा पाण्याने निथारून, गाळून, वाळवून मग १२०० अंशांना भाजला की अ‍ॅल्युमिना मिळतो. वरचे पाणी फेकू नये: त्यात सुमारे १८ ग्रॅम पोटॅशियम सल्फेट आणि ४२ ग्रॅम अमोनियम सल्फेट आहे. दोन्ही खतेच, आणि अ‍ॅल्युमिनाच्या साडेपाच पट वजनाची. पोटॅशियम सल्फेट वेगळे करून पुन्हा पहिल्या टप्प्यात वापरता येते.

अ‍ॅल्युमिना फार शुद्ध हवा असेल तर पोटॅशियमऐवजी अमोनियम सल्फेट घालून अमोनियम तुरटी करावी. ती भाजली की अमोनिया, पाणी आणि गंधकाची ऑक्साइडे उडून जातात आणि मागे फक्त अ‍ॅल्युमिना राहतो. ऑगस्त व्हर्नॉय यांनी १९०२ मध्ये जाहीर केलेल्या रीतीने जे कृत्रिम माणिक बनते, त्याची भुकटी याच तुरटीपासून करतात. मात्र ही भाजणी वायू शोषून घेण्याची सोय असल्याशिवाय करू नये.

अ‍ॅल्युमिनापासून धातू करण्याचा टप्पा प्रयोगशाळेच्या बाहेरचा आहे. पाण्यातील तुरटीतून वीज सोडली तर अ‍ॅल्युमिनियम मिळत नाही, हायड्रोजन सुटतो. १८८६ पासून चालत आलेल्या रीतीत अ‍ॅल्युमिना सुमारे ९६० अंशांच्या वितळलेल्या क्रायोलाइट या फ्लोराइड क्षारात विरघळवतात आणि एक किलो धातूला १३ ते १५ युनिट वीज खर्च होते.

अलुनाइट: पोटॅश आतच असलेले धातुक

अलुनाइट दिसायला चिनीमातीच्या कठीण दगडासारखा असतो, पण त्यात अ‍ॅल्युमिना ३७ टक्के, पोटॅश ११ टक्के आणि गंधकाचे ट्रायऑक्साइड ३९ टक्के अशी तुरटीची सगळी सामग्री एकत्रच असते. ओळख अशी की कच्ची पूड पाण्यात आणि विरळ आम्लात विरघळत नाही. सुमारे ६०० अंशांना भाजल्यावर मात्र विरळ सल्फ्युरिक आम्लात विरघळते आणि आणखी तापवली तर गंधकाचा तिखट वास सुटतो. भाजलेली पूड नुसत्या पाण्याने भिजवून ठेवली तरी तुरटी निघते, परंतु अलुनाइटमध्ये पोटॅशियमच्या एका अणूमागे अ‍ॅल्युमिनियमचे तीन अणू असतात आणि तुरटीला एकामागे एकच लागतो. त्यामुळे दोन तृतीयांश अ‍ॅल्युमिना मागे राहतो. तोही हवा असेल तर वरून आम्ल आणि पोटॅशियम सल्फेट दोन्ही घालावे लागतात.

इटलीतील तोल्फा येथे १४६० च्या दशकात हा दगड सापडला तेव्हा पोपच्या सत्तेला तुरटीचा हुकमी स्रोत मिळाला, कारण तोवर युरोपातील रंगारी तुर्की तुरटीवर अवलंबून होते. तेथे दगड भाजून, ढीग घालून, त्यावर कित्येक दिवस पाणी शिंपडून मग तो उकळत. पहिल्या महायुद्धात जर्मन पोटॅश बंद झाल्यावर १९१५ मध्ये अमेरिकेतील युटाच्या मेरिसव्हेल येथे अलुनाइट जास्त तापमानाला भाजून, त्यातून पाण्याने पोटॅशियम सल्फेट धुऊन काढण्यात आले. त्या वेळी पोटॅश हाच माल होता आणि अ‍ॅल्युमिना हा उरलेला गाळ. पुढे सोव्हिएत अझरबैजानमध्ये दाशकेसनजवळच्या अलुनाइटपासून गांजा शहरातील कारखान्यात अ‍ॅल्युमिना, सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम सल्फेट ही तिन्ही उत्पादने घेतली गेली.

नेफेलिन: चुनखडीची वाट

नेफेलिनमध्ये सोडा आणि पोटॅश दोन्ही असतात. भारतात ओडिशातील कोरापुट, तमिळनाडूतील शिवमलै आणि राजस्थानातील किशनगड येथे नेफेलिन सायनाइट हा नेफेलिनयुक्त खडक आढळतो. त्याची पूड परीक्षानळीत हायड्रोक्लोरिक आम्लात टाकून थोडी गरम केली की सिलिकेची खळ जमते; क्वार्ट्झ किंवा फेल्डस्पारची जमत नाही. हीच खळ आम्लाची वाट बंद करते, कारण ती गाळता येत नाही. म्हणून रशियात चुनखडीची रीत घेतली गेली. नेफेलिनच्या वजनाच्या जवळजवळ दीडपट चुनखडी घालून बारीक दळलेले मिश्रण फिरत्या भट्टीत १२५० ते १३०० अंशांना भाजतात. चुना सिलिकेला धरून बसतो, सोडा आणि अ‍ॅल्युमिना यांचे पाण्यात विरघळणारे अ‍ॅल्युमिनेट बनते. ते पाण्याने काढून त्यात भट्टीचाच कार्बन डायऑक्साइड फुंकला की हायड्रॉक्साइड खाली बसतो. उरलेले द्रावण आटवताना आधी सोडा आणि शेवटी पोटॅश स्फटिकरूपाने मिळते. चुन्याचा गाळ सिमेंटच्या भट्टीत जातो. लेनिनग्राद प्रांतातील पिकाल्योवो येथे १९५९ पासून आणि सायबेरियातील आचिन्स्क येथे १९७० पासून हे चालू आहे. एक टन अ‍ॅल्युमिनामागे सुमारे ४ टन नेफेलिन लागते आणि ०.६ ते ०.८ टन सोडा, ०.२ ते ०.३ टन पोटॅश आणि ९ ते १० टन सिमेंट मिळते. या आकड्यांकडे पाहिले की हा मुळात सिमेंटचा कारखाना आहे आणि अ‍ॅल्युमिना त्याचे जोडउत्पादन आहे, असे म्हणावेसे वाटते.

पिकाल्योवोत सोव्हिएत काळानंतर अ‍ॅल्युमिना, सिमेंट आणि सोडा-पोटॅश हे तीन विभाग तीन वेगळ्या मालकांकडे गेले. कच्च्या मालाच्या भावावरून त्यांचे जमेना, साखळी तुटली आणि तिन्ही बंद पडले. जून २००९ मध्ये पगार थकलेल्या गावकऱ्यांनी महामार्ग अडवला, तेव्हा पंतप्रधान पुतिन यांना स्वतः तेथे यावे लागले. अशा प्रकल्पाचा आराखडा करणाऱ्याने रासायनिक समीकरणांइतकेच मालकीच्या करारांकडे लक्ष द्यावे.

औष्णिक केंद्रांची राख

चंद्रपूर, कोराडी यांसारख्या केंद्रांच्या राखेत सिलिकेच्या जोडीला साधारण पाव भाग अ‍ॅल्युमिना असतो आणि राख फुकट मिळते, म्हणून तिच्याकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. परंतु बॉयलरमध्ये ती १३०० अंशांच्या वर भाजून निघालेली असल्यामुळे तिचा बराचसा अ‍ॅल्युमिना म्युलाइट आणि काच यांत बंदिस्त झालेला असतो. वरची आम्लाची कृती राखेवर करून पाहिली तर फारच थोडे हाती लागते. येथेही चुनखडीच घ्यावी लागते. योग्य प्रमाणात चुना घालून सुमारे १३५० अंशांना भाजलेला गोळा सावकाश थंड करताना कॅल्शियम सिलिकेट फुगते आणि कठीण गोळा स्वतःहून पिठासारखा भुगा होतो, त्यामुळे तो दळण्याचा खर्च वाचतो. पोलंडमध्ये गेल्या शतकाच्या मध्यात येर्झी ग्झिमेक यांनी ही रीत विकसित केली. तो भुगा सोड्याच्या पाण्याने धुतला की अ‍ॅल्युमिना द्रावणात येतो. मात्र एक टन अ‍ॅल्युमिनामागे दहा टनांच्या आसपास चुनखडी लागते आणि जवळपास तेवढाच गाळ उरतो. राख, चुनखडी आणि सिमेंटचे कारखाने एकाच जिल्ह्यात असलेले चंद्रपूर सोडून महाराष्ट्रात दुसरीकडे याचा विचार करण्यात माझ्या मते अर्थ नाही.

राखेत आणि नेफेलिनमध्ये गॅलियम अगदी अल्प प्रमाणात, दशलक्षांत काही दहा भाग, असते. अ‍ॅल्युमिना काढून झाल्यावर द्रावण पुन्हा पुन्हा फिरवले की ते त्यात साठत जाते आणि मग वेगळे काढता येते. ऑगस्ट २०२३ पासून चीनने गॅलियमच्या निर्यातीवर परवान्याची अट घातल्यामुळे त्याला महत्त्व आले आहे, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर भट्टी पेटवू नये. अ‍ॅल्युमिनाचे द्रावण आधीच फिरत असेल तरच ते परवडते.

उरलेल्या द्रावणाची विल्हेवाट

चिनीमातीच्या प्रयोगात तुरटीचे दुसरे पीक काढल्यावर जे आंबट द्रावण उरते त्यात फेरस लोह, थोडे अ‍ॅल्युमिनियम आणि पोटॅश असते. ते मोरीत ओतू नये. प्लॅस्टिकच्या बादलीत घेऊन त्यात चुन्याची निवळी किंवा चुन्याचे दूध थोडे थोडे घालत, सामू ७ ते ८ झाला की थांबावे. हिरवट गाळ हवेने तपकिरी होईपर्यंत एक-दोन दिवस उघडे ठेवावे. जिप्सम, लोह आणि अ‍ॅल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड खाली बसले की वरचे पाणी भरपूर पाण्यात मिसळून सोडता येते. गाळ वाळवून प्रयोगशाळेच्या घनकचऱ्यात द्यावा. धुतलेली सिलिका मात्र ठेवून द्यावी: ती गरम कॉस्टिक सोड्यात विरघळवली की जलकाच, म्हणजे सोडियम सिलिकेट, मिळते, आणि तशीच वापरायची तर ती चुन्याच्या गिलाव्यात चांगली मिळून येते.